उलटा शिक्का

फुमिए मोमोसे यांचं पत्र आलं तेव्हा कुरेबायाशी अडतीस वर्षांचे होते. आता ते पत्रच अडतीस वर्षांचं झालं होतं. शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ते ठेवलेलं होतं. कुरेबायाशी मोटारींच्या कंपनीतून निवृत्त झाले, बायको गेली, मोठं घर सोडून हामामात्सुच्या कडेच्या दोन खोल्यांत आले, पुस्तकं विकली. तो खंड मात्र विकवेना, आणि एक खंड कमी असलेला शब्दकोश कुणी घेईना, म्हणून पाचही खंड राहिले.

पत्र छोटंसं होतं.

'कुरेबायाशी-सान, रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की तोकुजी टीव्हीवर येतात. वाळूच्या टेकडीवरून गाडी उडवतात आणि जातात. चिझुरु सहा वर्षांची आहे. ती बातम्या लागल्यापासूनच पडद्यासमोर बसते. जाहिरात बंद करा असं मी म्हणत नाही. कंपनीचे लोक येऊन सांगून गेले, की चाळीसच्या वेगाने वळायला सांगितलं होतं, यांनी साठने वळवली. गावातही तेच बोलतात, की तोकुजी कॅमेऱ्यापुढे चेकाळला. तुम्ही गाडीला ओळखता आणि त्यांनाही. चूक त्यांची होती का, एवढंच लिहा. असली तर होती म्हणून लिहा. चिझुरु मोठी झाली की तुमचं पत्र तिला दाखवीन.'

फुमिएंचा नवरा आणि चिझुरुचा बाप तोकुजी मोमोसे हा निरेझावा गावातला लाकडाच्या लॉरीचा ड्रायव्हर. गाव शिन्शूच्या डोंगरात, वर्षातले पाच महिने बर्फात. कंपनीने एक लहान गाडी करायला घेतली होती, चारही चाकांना जोर असलेली. सुईण, पोस्टमन, जंगलखात्याचा माणूस, डोंगरातली डॉक्टरीण यांच्यासाठी. तिची रचना कुरेबायाशींची. वजन इतकं कमी, की खड्ड्यात रुतली तर चार माणसांनी उचलून बाहेर ठेवावी. तिला बर्फात चालवून बघायला त्यांना निरेझावाला पाठवलं, आणि गावात लॉज नसल्याने ते मोमोसेंच्या घरी राहिले. एक अख्खा हिवाळा.

कुरेबायाशी अबोल माणूस. दिवसभर मापं घ्यायची आणि संध्याकाळी कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या, रजईत पाय घालून पुस्तक वाचायचं. मोमोसे त्यांना पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणू लागला.

"मास्तर, तुमची गाडी अगदी माझ्या सासूसारखी आहे," तो एकदा बर्फ झटकत आत येऊन म्हणाला.

"म्हणजे?"

"चढ बघून थांबत नाही, आणि उतारावर कुणाचं ऐकत नाही."

"आई आतच आहे हो," फुमिए चुलीपाशी ओयाकी, म्हणजे सारण भरलेल्या जाड भाकऱ्या, भाजत होत्या, तिथून म्हणाल्या. "तिला ऐकू येतं."

"म्हणून तर मोठ्याने बोललो. मास्तर, तुम्ही लिहून घ्या. ब्रेक कमजोर, असं लिहा. सासूचं लिहू नका."

कुरेबायाशींनी खरंच लिहून घेतलं. ब्रेक बदलले. पुढच्या आठवड्यात मोमोसेने सांगितलं, की स्टिअरिंग बर्फात हाताला काही सांगत नाही, गप्प बसतं, तुमच्यासारखं. तेही बदललं. त्या हिवाळ्यात गाडीत सेहेचाळीस बदल झाले आणि त्यातले तीस मोमोसेचे. फुमिए त्यांच्या ताटात लोणच्याचा पाला भरलेली ओयाकी दोनदा वाढायच्या, आणि ते तिसऱ्यांदा नको म्हणायला लाजायचे, म्हणून तिसरीही खायचे. चिझुरु तेव्हा चार वर्षांची होती. ती त्यांच्या मोजपट्टीने घरातल्या मांजराची लांबी मोजायची आणि आकडा त्यांना वहीत लिहायला लावायची. पुढे आयुष्यात कुरेबायाशींना आपण कधी सुखी होतो असं वाटलं, तर त्या पाच महिन्यांचं वाटायचं. पण अशा गोष्टींत आपला अंदाज चुकतो, असंही त्यांना वाटायचं.

गाडीचं नाव 'कामोशिका' ठेवलं. कड्यावरून पाय न घसरता चालणारं ते डोंगरातलं जनावर. मग गाडी विक्रीखात्याच्या हातात गेली.

विक्रीचे प्रमुख ओबारा. उत्साही, मोठ्याने हसणारे, वाईट अजिबात नव्हेत. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "कुरेबायाशी-सान, गाडी सुंदर आहे. पण देशात सुईणी आहेत किती? मला पंचवीस वर्षांचा पोरगा हवाय, ज्याने डोंगर फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. त्याला वाटलं पाहिजे, की सोमवारी ऑफिस आणि रविवारी उडी. आणि ही तर त्याच्या शेजारी उभी केली तर त्याच्या छातीला लागते. उंच करा."

"किती?"

"सहा सेंटिमीटर."

सहा सेंटिमीटर म्हणजे कमानपाट्यांखाली ठोकळे घालून गाडी वर उचलायची. पण छोट्या गाडीच्या रुंदीला कायद्याची हद्द होती, एक मीटर चाळीस. उंची वाढली, रुंदी वाढणार नाही. कुरेबायाशींनी घरी बसून तीनदा हिशेब केला. डोंगरात, सावकाश, काही बिघडत नव्हतं. पण सपाट, कडक जमिनीवर पन्नासच्या पुढे एकदम वळवली तर आतली चाकं उचलली जाणार होती.

त्या कंपनीत कुठलाही निर्णय कागदावर फिरायचा. कागदाच्या माथ्यावर चौकटींची ओळ असायची, आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येकाने आपापल्या चौकटीत नावाचा लाल शिक्का मारायचा. अकरा चौकटी होत्या. कुरेबायाशींची चौथी. शिक्का मारायचा नाही असं कुणी करत नसे. कागद अडवून धरणारा माणूस दहा जणांची सकाळ खराब करतो. पण ज्याचं मन मानत नसेल त्याच्यासाठी एक सोय होती. शिक्का उलटा मारायचा. नाव डोक्यावर उभं. कागद पुढे जातो, आणि या माणसाला हे पसंत नाही हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळतं. कुणी कुणाला काही विचारत नाही.

कुरेबायाशींनी आयुष्यात पहिल्यांदा शिक्का उलटा धरला. मारून झाल्यावर त्यांना वाटलं, की आपण फार मोठ्याने ओरडलो आहोत.

दुसऱ्या दिवशी त्यांचे साहेब व्हरांड्यात भेटले. थांबले, त्यांच्या बाहीला हात लावला. "कुरेबायाशी-सान, पाहिलं मी. तुमची भावना पोचली."

कुरेबायाशींनी वाकून आभार मानले. साहेबांचा शिक्का पाचव्या चौकटीत होता, सरळ. त्यापुढचे सगळे सरळ.

जाहिरातीसाठी ओबारांना खरा डोंगरातला माणूस हवा होता, म्हणून मोमोसेला बोलावलं. पहिल्या दिवशी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकडीवरून त्याने गाडी उडवली. चित्र फार छान आलं. दुसऱ्या दिवशी कडक मैदानावर कॅमेऱ्यासमोर एकदम वळण घ्यायचं होतं. पहिल्या दिवशी दुपारीच त्याने कुरेबायाशींना कारखान्यात फोन केला.

"मास्तर, मोमोसे. जेवलात का?"

"हो. तुम्ही?"

"डब्यात भात दिला होता, थंडगार. फुमिएला सांगू नका, नाहीतर ती इथे ओयाकी घेऊन येईल." तो हसला. "ऐका, ही गाडी उंच केलीय. वर बसलं की डोलते, जत्रेतल्या घोड्यासारखी. उद्या साठने वळवा म्हणतायत. तुम्ही बघितलंय ना हे?"

कुरेबायाशींच्या आजूबाजूला टेबलं होती. समोर साहेब बसले होते, काही लिहीत.

"बघितलंय," ते म्हणाले.

"ओबारा-सान म्हणाले, कागदावर तुमचा शिक्का आहे."

"आहे."

"आहे ना?"

"आहे. पण... जरा जपून."

"मग झालं तर," मोमोसे म्हणाला. "तुमचा शिक्का असला की मला पुरे. येताना तुमच्यासाठी इथली सुकी मासळी आणतो."

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता गाडी वळली, उचलली गेली आणि तीनदा कोलांटली. मोमोसे जागीच गेला.

चौकशीच्या कागदात आलं, की चालकाला चाळीसची सूचना होती, त्याने उत्साहाच्या भरात साठ घेतला. हा कागदही फिरला. त्याच्यावर कुरेबायाशींची चौकटच नव्हती. साठ सांगितले होते हे कॅमेऱ्यामागच्या दोघातिघांना ठाऊक होतं, आणि टेलिफोनच्या या टोकाला असलेल्या एका माणसाला. पहिल्या दिवशीची उडी तेवढी जाहिरातीत घेतली. कामोशिका खपली, इतकी खपली की वर्षभर थांबावं लागायचं. पुढच्याच वर्षी, गाजावाजा न करता, कुरेबायाशींनी तिचे ठोकळे काढून नवी बांधणी केली आणि ती चांगली गाडी झाली. त्याबद्दल त्यांना घड्याळ बक्षीस मिळालं.

फुमिएंच्या पत्राला त्यांनी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. शेकडो वेळा घेतलं. पण पत्राची सुरुवात ऋतूने करायची असते. एका विधवेला, जिच्या हातचं आपण पाच महिने जेवलो, तिला ऋतूचे दोन शब्द न लिहिता एकदम मुद्द्यावर येणं त्यांना रानटी वाटे. म्हणून ते लिहीत: 'प्लमच्या फांद्यांवर कळ्या धरू लागल्या आहेत, आपण कुशल असाल.' मग 'कुशल' शब्दावर अडत. हा शब्द तिला लिहायचा? कोश काढत, दुसरा शब्द शोधत, आणि तोवर कळ्या फुलून गळून गेलेल्या असत. मग ते पान चालत नसे. नवं पान, 'भाताची लावणी आटोपली असेल.' मग सिकाडा किड्यांची किरकिर, मग लाल पानं, मग पहिलं बर्फ. निरेझावात बर्फ किती पडलं असेल याचा विचार करत बसले, की आठवडा जाई. अडतीस वर्षांत त्यांनी सगळे ऋतू कितीदा तरी लिहून काढले, पण एकदाही दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचले नाहीत.

बायकोने एकदा विचारलं होतं, "कुणाला लिहिताय एवढं?"

"कामाचं आहे," ते म्हणाले होते.

यंदा कामोशिकाचा चाळिसावा वाढदिवस जवळ आला. कंपनी नवं मॉडेल आणत होती आणि एक स्मरणग्रंथ काढणार होती. प्रसिद्धीखात्यातली कानाए इनागाकी नावाची तरुणी एका दुपारी कुरेबायाशींकडे आली. येताना मिठाईचा डबा आणि कागदांची फाइल घेऊन.

"कुरेबायाशी-सान, तुम्ही म्हणजे कामोशिकाचे वडील. दोनच पानं लिहा. 'तिचा जन्म' असं काहीतरी."

"मला लिहिता येत नाही हो."

"एवढी पुस्तकं आहेत की."

"ती दुसऱ्यांनी लिहिलेली आहेत."

ती खळखळून हसली. मग फाइल उघडून जुने कागद टेबलावर मांडू लागली. "तळघरात सापडले. हा बघा, गाडी उंच करायचा कागद. ग्रंथात छापणार आहोत, वाचकांना जुने शिक्के बघायला आवडतात. पण एक गंमत झालीय. तुमचा शिक्का उलटा पडलाय! घाईत होतात का? काळजी नको, कॉम्प्युटरवर मी तो सरळ करून घेते. दोन मिनिटांचं काम."

कुरेबायाशींनी कागद पाहिला. लाल रंग फिकट झाला होता. नाव डोक्यावर उभं होतं.

"सरळ करू नका," ते म्हणाले.

"का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. त्यांनी सांगितलं. शिक्का उलटा का मारतात ते, आणि सहा सेंटिमीटरचं. इनागाकी ऐकत राहिली.

"म्हणजे पुढच्या सातही जणांना कळलं होतं?"

"कळलं होतं."

"आणि कुणी विचारलं नाही?"

"विचारायला लागू नये म्हणूनच असतो तो."

तिने कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "आणि जो चालवत होता त्याला? त्याला माहीत होतं, की उलटा आहे?"

कुरेबायाशी चहा करायला उठले, किटली घेतली, आणि पाणी घालायचं विसरून तशीच शेगडीवर ठेवली. इनागाकीने मुकाट्याने उठून शेगडी बंद केली.

"त्याने कागद पाहिला नव्हता," ते तिच्याकडे पाठ करून म्हणाले. "त्याने मला विचारलं, शिक्का आहे का. मी आहे म्हणालो."

ती गेल्यावर त्यांनी जुनी डायरी काढली. निरेझावात तेव्हा एकच टेलिफोन होता, दारूच्या दुकानात. नंबर आता लांब झाला होता. चौकशी करून त्यांनी तो मिळवला. दुपारचे चार वाजले होते. फोन एका बाईने उचलला.

"फुमिए मोमोसे? अहो, त्या गेल्या. गेल्याच्या गेल्या वर्षी, फेब्रुवारीत. रस्ता बंद होता, दोन दिवस नेता आलं नाही. तुम्ही कोण?"

कुरेबायाशींना आपलं नाव सांगवेना. "मी... त्यांच्याकडे एक हिवाळा जेवलेला माणूस."

"अगं बाई! मग तुम्ही तोकुजीलाही बघितलं असणार. मी सून इथली, मी नाही बघितलं. पण नाव रोज ऐकते."

"रोज?"

"मग! पोरं मोटारसायकल जोरात काढायला लागली की म्हातारे ओरडतात, 'तोकुजी करू नकोस!' त्या टीव्हीच्या नादात मेला ना तो. माझ्या नवऱ्याने परवा शिडीवरून उडी मारली, त्यालाही मी तेच म्हटलं." ती हसली, मग थांबली. "हॅलो? आहात ना?"

"आहे. त्यांची मुलगी होती."

"चिझुरु. लग्न होऊन मात्सुमोतोला गेली. आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला आली होती. म्हणाली, मोमोसे नाव टाकलं तेव्हा हलकं वाटलं. तसं बोलू नये, पण शाळेत फार चिडवलं होतं तिला. पत्ता हवाय का? माझ्याकडे आहे, नववर्षाचं कार्ड येतं तिचं."

त्यांनी पत्ता लिहून घेतला. हात स्थिर होता, याचं त्यांना आश्चर्य वाटलं आणि थोडी लाजही. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ जमिनीवरच बसून राहिले. उत्तर द्यायचं राहिलं असं इतकी वर्षं ते स्वतःला सांगत आले होते, जणू उशीर झाला तर तो त्यांचा एकट्याचाच झाला. इकडे ते कळ्या आणि पानं लिहीत होते, आणि तिकडे एका माणसाचं नाव झिजून झिजून शिवी झालं होतं. एक बाई त्या नावाखाली राहिली, म्हातारी झाली आणि बर्फात गेली. एक मुलगी ते नाव टाकून निघून गेली. एक ओळ पुरली असती. 'नाही' एवढी एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलापाशी बसले. खिडकीबाहेर कोणता ऋतू आहे ते त्यांनी पाहिलं नाही.

'चिझुरु-सान, तुमच्या आईने मला अडतीस वर्षांपूर्वी विचारलं होतं, की चूक तोकुजी-सान यांची होती का. मी उत्तर दिलं नाही. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. चूक त्यांची नव्हती.

त्यांना साठने वळवायला सांगितलं होतं. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः मला फोनवर सांगितलं. चाळीस हा आकडा नंतर लिहिला गेला. गाडी उंच केल्यावर ती साठला उलटेल हे मी हिशेब करून जाणत होतो. कंपनीच्या कागदावर मी माझा शिक्का उलटा मारला, म्हणजे मला पसंत नाही, आणि तेवढ्यावर माझं काम झालं असं समजलो. त्यांनी विचारलं, शिक्का आहे का. मी म्हणालो, आहे. उलटा आहे हे सांगितलं नाही. साहेब समोर बसले होते. दुसरं कारण नाही.

ते चेकाळले नव्हते. त्यांनी गाडीत बसताक्षणी ओळखलं होतं की ती डोलते, आणि ज्याला विचारायला हवं होतं त्यालाच विचारलं. माझ्यावर भरवसा ठेवला, एवढंच त्यांनी केलं.

हे पत्र कुणालाही दाखवा. निरेझावात दाखवा. कागदाची प्रत सोबत जोडतो आहे. तुम्ही मला उत्तर लिहावं अशी अपेक्षा नाही. तुमच्या आईला हे वाचायला मिळालं नाही, याची क्षमा कुणाकडे मागायची ते मला कळत नाही.'

त्यांनी ते परत वाचलं नाही. वाचलं असतं तर दुरुस्त करत बसले असते. स्मरणग्रंथासाठीही त्यांनी हाच मजकूर दोन पानांवर उतरवला आणि इनागाकीला फोन करून त्या कागदाची प्रत घेऊन बोलावलं. तिने दारातच उभ्याने वाचला.

"हे छापणार नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे."

"मी आमच्या साहेबांकडे नेते. माझ्या नावाने नेते. आणि त्यांनी ठेवून घेतलं, तर विचारते का म्हणून."

तिने पानं फाइलीत ठेवली, आणि त्या जुन्या कागदाची एक प्रत त्यांच्या हातात देऊन गेली.

पोस्ट दहा मिनिटांच्या अंतरावर होतं, पण कुरेबायाशींना अर्धा तास लागला. बाहेर लाल पेटी होती. ते तिच्यापाशी थांबले नाहीत, आत खिडकीवर गेले. पाकीट हातातून कुणीतरी घ्यावं, असं त्यांना वाटत होतं.

"साधं की रजिस्टर, आजोबा?" खिडकीतल्या मुलीने विचारलं.

"रजिस्टर."

तिने पाकीट वजनाच्या काट्यावर ठेवलं, तिकीट लावलं, पावती फाडली. "मात्सुमोतो ना. उद्या दुपारी पोचेल."

"उद्या," कुरेबायाशी म्हणाले.

"हो, जवळच आहे की." तिने पाकीट मागच्या टोपलीत टाकलं आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.